तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाईल असताना हा रेडिओ कशाला?

शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या थांब्यावर आणि हल्ली तर माहेरीसुद्धा हाच प्रश्न. 'जगातलं सगळं मोबाईलवर ऐकू येतं, मग तुम्ही रोज रात्री ती खरखर काय ऐकत बसता?' आजवर माणूस बघून उत्तर दिलं. कुणाला आवड म्हटलं, कुणाला सवय, कुणाला 'संकटात उपयोगी पडतो'. यातलं शेवटचं उत्तर मी आता देत नाही. का देत नाही, तेच सांगायचं आहे, पण आधी खरखरीबद्दल बोलू द्या, कारण तिच्यावरून मला फार ऐकून घ्यावं लागतं.

मी ऐकते तो शॉर्टवेव्ह, म्हणजे दूरदेशीची स्टेशनं आणणाऱ्या लघुलहरी. 'शॉर्टवेव्हवर काही लागतच नाही' असं म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा सेट टीव्हीच्या कपाटावर, चार्जरच्या शेजारी ठेवून बघितलेला असतो. एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, पंख्याचा रेग्युलेटर, यांतला प्रत्येक जण आपापली खरखर हवेत सोडत असतो. अडॅप्टर काढून सेट सेलवर चालवा, एखादं अंधुक स्टेशन लावा आणि घराचा मेन स्विच पाडा. आवाज एकदम उजळला तर दोष आकाशाचा नाही, घराचा आहे. मग एकेक बटण चालू करत जायचं. आमच्याकडे माजघरातला स्वस्तातला बल्ब निघाला. तो बदलला आणि अर्धा पट्टा मोकळा झाला.

माझ्याकडे टेकसनचा पीएल-660 आहे, चार पेन्सिल सेलवर चालणारा. त्याच्या दांडीवर, म्हणजे सेटच्याच अँटेनावर, मोठी स्टेशनं लागतात, बाकीच्यांसाठी पडवीच्या वाशापासून फणसापर्यंत साधी प्लॅस्टिकवेष्टित तार ओढली आहे. तार जितकी लांब तितकं चांगलं, हे हातातल्या सेटला लागू नाही. फार लांब तार जोडली की दणकट स्टेशनं नको तिथे उमटायला लागतात आणि बारीक आवाज त्यांच्याखाली दबतात. तेव्हा बाजूची खिट्टी डीएक्सवरून (दूरच्या स्टेशनांसाठी) लोकलवर (जवळच्यांसाठी) आणायची किंवा तार सरळ काढायची. आभाळ भरून आलं की वीज कडाडायच्या आधीच तार सेटपासून सोडवून खिडकीबाहेर टाकायची, यात तडजोड नाही. आमच्या खाऱ्या हवेत सेलच्या पत्र्यांवर हिरवा थर धरतो, तो पुसत राहावं लागतं.

आणि वेळ बघायची. दिवसा आकाशातला खालचा थर कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो, म्हणून दुपारी 16 आणि 19 मीटरच्या, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीच्या, पट्ट्यांवर शोधायचं. दिवस मावळला की तो थर विरतो, मग 31, 41, 49 मीटरचे कमी फ्रिक्वेन्सीचे पट्टे जागे होतात. भर दुपारी 49 मीटर चाळून 'रेडिओ मेला' म्हणणाऱ्यांशी मी किती वेळा वाद घातला आहे! वेळापत्रकं यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे, आणि मार्च-ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती बदलतात. त्यामुळे काल लागलेलं स्टेशन आज नाहीसं झालं तर सेटला दोष देऊ नका.

एवढं सांगितलं की समोरचा म्हणतो, 'बाई गं, एवढी कटकट!' हो, आहे. गळ्यात माळ घालून तानपुरा लावत बसलेल्याला कुणी असं म्हणत नाही, मला म्हणतात.

आता संकटाचं.

हे उत्तर मुळात आमच्या आप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिराबाई गेल्याचं बीबीसीने आकाशवाणीच्या कितीतरी तास आधी सांगितलं, आणि आप्पांनी ते इथे पडवीत बसून ऐकलं होतं. तेव्हापासून त्यांचा बीबीसी हिंदीवर विश्वास बसला तो बसलाच. संध्याकाळी ओटीवर चार माणसं जमायची. सेट लावण्याचं काम पुढे माझ्याकडे आलं आणि मग मी बातम्यांच्या पलीकडे जाऊन पट्टे चाळायला लागले. 1940 पासून चाललेली ती हिंदी सेवा 31 जानेवारी 2020 ला शॉर्टवेव्हवरून बंद झाली. आप्पा त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र सगळ्यांना सांगत होते, बीबीसी गेली म्हणून काय झालं, वीज गेली, टॉवर पडला, तर शेवटी हाच सेट कामाला येणार.

त्याच वर्षी जूनमध्ये वीज गेली आणि टॉवरही पडले. 3 जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या दापोली-मंडणगड पट्ट्याची जी दशा केली ती इथल्या कुणाला सांगायला नको. आमची पोफळीची वाडी आडवी झाली. नारळ मुळासकट उपटून शेजारच्या घरावर पडले, त्यांचं छप्पर गेलं. शेजारची भाभी, तिच्या दोन मुली आणि सासू आमच्या माजघरात राहायला आल्या. मोबाईल म्हणजे नुसता टॉर्च, तोही चार्जिंग असेपर्यंत. टाळेबंदी चालू होतीच, त्यामुळे मुंबईहून कुणी सहज निघून येईल अशी सोय नाही.

सगळ्यांची नजर माझ्या सेटवर. मध्यम लहरींवर 558 किलोहर्ट्झला आकाशवाणी मुंबई लागली. प्रादेशिक बातम्यांत रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत मोठं नुकसान, पंचनामे, मदत, एवढं आलं. ओटीवर दाटीवाटीने बसलेल्यांतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, 'आपलं नाव घेतात काय?' आपलं नाव घेत नव्हते. तालुक्याचंसुद्धा नाही. आणि जे काही कळलं ते शॉर्टवेव्हने नव्हे, हेही लिहून ठेवते. ते अडीचशे-तीनशे रुपयांच्या साध्या सेटवरही कळलं असतं.

त्यानंतरच्या एका रात्री मला झोप येईना म्हणून मी सेट घेऊन पडवीत बसले. तार फणसाबरोबर गेली होती, दांडीच वर काढली. आणि मी थक्क झाले. खरखर नव्हती. अख्ख्या तालुक्यात एक बल्ब पेटत नव्हता, एक चार्जर चालू नव्हता, आणि पट्टा असा स्वच्छ मी लग्न होऊन या घरात आल्यापासून कधी ऐकला नव्हता. दूर कुठेतरी विजेची चरचर अधूनमधून उठायची, तेवढीच. 10,000 किलोहर्ट्झवर चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या केंद्राचे सेकंदाचे ठोके घरातल्या घड्याळासारखे लख्ख. 31 मीटरवर इंग्रजी बातम्या, त्यांच्या शेजारी चिनी, मग एक भाषा जी मला ओळखता आली नाही. जिथे एरवी नुसता फेस असतो तिथे माणसं बोलत होती. मला फार आनंद झाला. समोर वाडी आडवी पडलेली, माजघरात दुसऱ्याचा संसार आलेला, आणि मला आनंद झाला. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

25 मीटरवर सौदीचं कुराणपठण लागलं, अगदी स्पष्ट. आवाज हळू ठेवला होता तरी भाभी उठून आली. ओढणी डोक्यावर घेऊन उंबऱ्यावर बसली आणि पूर्ण आयत संपेपर्यंत बोलली नाही. मग विचारलं, 'वहिनी, हे सौदीहून येतं ना? आमचे तिकडेच आहेत. ह्यातून त्यांना कळवता येईल का, आम्ही बऱ्या आहोत म्हणून?'

तिचा नवरा दम्माममध्ये. वादळाच्या बातम्या त्याने बघितल्या असणार आणि इकडे एकही फोन लागत नव्हता. मी तिला म्हटलं, यातून नुसतं ऐकता येतं, बोलता येत नाही. तिने मान हलवली. पण लगेच उठली नाही. सेटकडे बघत म्हणाली, 'इतका जवळून येतो आवाज.' मी आणखी काय सांगणार होते? लहरी वर आकाशातल्या आयनमंडलाच्या थरावर आपटून येतात हे सांगू? तिकडे शेकडो किलोवॅटचा ट्रान्समीटर आहे आणि माझ्या हातात चार सेल, हे सांगू? ती आत गेली. मी बटण बंद करायला हवं होतं असं नंतर कितीदा वाटलं, पण केलं नाही. मी पुढे अर्धी रात्र ऐकत बसले.

भाभीचा निरोप पुढे कुणाच्या तरी गाडीबरोबर दापोलीपलीकडे रेंज असलेल्या जागी गेला आणि तिथून फोन लागला. माणसाने नेला, रेडिओने नाही.

यावर मला दोन टोकांची माणसं भेटतात. एक म्हणतात, बघा, म्हणजे निरुपयोगीच ठरला की नाही? मला हे पटत नाही. त्या दिवसांत आप्पा मुंबईच्या बातम्यांची वेळ होईपर्यंत तग धरून बसायचे. देशाला आपली खबर आहे, एवढं कळण्याने माणूस जेवतो, झोपतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. दुसरे म्हणतात, मग हॅमचं, म्हणजे हौस म्हणून रेडिओवर स्वतः बोलण्याचं, लायसन्स का नाही घेत? हा प्रश्न मात्र मला लागतो. हॅमच्या प्रक्षेपणाचा आवाज उलगडणारं एसएसबीचं बटण दाबून 40 मीटरवर हॅम मंडळींचं बोलणं मी रोज ऐकते. लायसन्सच्या खालच्या वर्गाला, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, मोर्सच्या टिकटिक-संकेतांची परीक्षासुद्धा द्यावी लागत नाही. पुस्तक आणलं आहे, निम्मं वाचूनही झालं. लेक म्हणते, आई, तू परीक्षा देच, पुढच्या वादळात भाभीला नाही म्हणावं लागणार नाही. तिचं बरोबर आहे. पण हॅमलासुद्धा पलीकडे ऐकणारा हॅमच लागतो, दम्माममधल्या मजुराच्या खोलीत तो कुठून असणार, हे मी तिला सांगते. ती म्हणते, तो पुढे फोन करेल ना. हेही बरोबर आहे.

आणि तरी अर्ज कोराच आहे. मला बोलायचं नसतं, ऐकायचं असतं, माझ्याकडून काही न मागता येणारा आवाज, ज्याला मी ऐकते आहे हे ठाऊकही नाही. वादळानंतर ही आवड मला जरा आपमतलबी वाटायला लागली, पण गेली नाही. नव्या बल्बांसकट खरखर परत आली आहे, दुसऱ्या झाडाला तार बांधली आहे, आणि भाभी अजूनही कधीतरी रात्री येऊन म्हणते, 'वहिनी, ते सौदीचं लावा ना.' मी लावते. अर्जाचं लेकीला दिवाळीपर्यंत सांगते म्हटलं आहे.