डब्यातला तांडेल

आईने येताना चिवडा भरून आणलेला मोठा प्लास्टिकचा डबा आता आमच्या होडीवर असतो. त्यात एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक आहे, बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारी पट्टी आहे, दमट हवेसाठी सिलिका जेलच्या पुड्या आहेत. झाकण उघडलं की अजूनही कढीपत्त्याचा वास येतो.

होडी शिडाची, आठ मीटर लांब, 1970च्या दशकातली. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या आम्ही तिघा मित्रांनी ती सुट्ट्या वाटून घ्यायच्या हिशोबाने घेतली. सोबत मिळालेली यंत्रं सगळी मेलेली, पाण्याची खोली मोजणारं तेवढं जिवंत. तयार चार्टप्लॉटरची, म्हणजे नकाशावर होडीची जागा दाखवणाऱ्या यंत्राची, किंमत ऐकल्यावर मी ओपनप्लॉटरकडे वळलो. ही रास्पबेरी पायसाठीची फुकट, मुक्त प्रणाली. नकाशा दाखवायला तिच्यात ओपन-सीपीएन असतं आणि मधे सिग्नल-के नावाचा दुभाषी. दुभाषी लागतोच, कारण होडीवरचं प्रत्येक यंत्र वेगळी बोली बोलतं. आमचं खोलीचं यंत्र एनएमईए 0183 बोलतं, 4800 बॉडच्या संथ चालीने. दोन तारा, त्यातून स्वल्पविरामांनी तोडलेली वाक्यं. ती वाक्यं पहिल्यांदा पडद्यावर धावताना दिसली तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

जीपीएसचा यूएसबी ठोकळा आणि एआयएसचा रिसीव्हर नंतर आले. एआयएस म्हणजे मोठी जहाजं आपलं नाव, जागा, वेग आणि दिशा 162 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या दोन वाहिन्यांवर सतत सांगत असतात, ते ऐकायचं. होकायंत्राच्या चिपने मात्र आठवडाभर छळलं. उत्तर दिशा रोज नवी. शेवटी कळलं की मी ती रेडिओच्या स्पीकरला खेटून चिकटवली होती, आणि स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो हे मला शाळेपासून माहीत होतं.

जुलैत आईला घेऊन निघालो. एन्कहाउझन ते स्टाव्होरन, उत्तरेकडे सुमारे 11 सागरी मैल, आयसलमेअर ओलांडून. बंदराबाहेर पडताच आईने हात बुडवून बोट चाटलं. "अरे, हा कसला समुद्र? खारटच नाही." एकेकाळी होता. 1932 साली 32 किलोमीटरचा बांध घालून डच लोकांनी समुद्राचा हा तुकडा तोडला आणि त्याचं गोडं तळं झालं. भरती-ओहोटीही गेली. आईचं माहेर हर्णैचं. भरती नसलेल्या समुद्रावर तिचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

तळं उथळ आहे, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या. वारा नेमका उत्तरेचा, म्हणजे नागमोडी जाणं आलं. आईकडे टॅबलेट दिला आणि खोलीचा आकडा मोठ्याने वाचायचं काम दिलं. "तीन पॉइंट चार. तीन पॉइंट एक." ती बाजारभाव वाचावेत तशी वाचत होती.

स्टाव्होरनच्या दक्षिणेला व्ह्राउवझांद नावाचा वाळूचा दांडा आहे. बाईची वाळू. गोष्ट अशी की गावातल्या एका श्रीमंत विधवेने कप्तानाला जगातली सर्वांत मौल्यवान वस्तू आणायला पाठवलं. तो गहू घेऊन आला. तिने चिडून तो समुद्रात फेकायला लावला आणि बोटातली अंगठी पाण्यात टाकून म्हणाली, ही परत येईल तेव्हाच मी गरीब होईन. अंगठी माशाच्या पोटातून परत आली आणि गव्हावर वाळू चढली. आई लगेच म्हणाली, "आपल्या शकुंतलेच्या अंगठीसारखंच की!"

मी मात्र पडद्याकडे बघत होतो. नकाशा तिथल्या जलमार्ग खात्याचाच, फुकट मिळतो. त्यावर निळा रंग गडद होत चाललेला, म्हणजे पाणी उथळ होत चाललेलं. पण पुढे एक जुनं तपकिरी शिडांचं जहाज एआयएसवर मजेत आत शिरताना दिसत होतं. ते एवढं मोठं, तर आपण का नाही? शिवाय आकडा 2.1. कीलखाली, म्हणजे होडीच्या बुडाला खाली उतरलेल्या कण्याखाली, दोन मीटर पाणी!

"दोन पॉइंट एक," आई म्हणाली. मग टॅबलेट खाली ठेवून, "अरे, तो माणूस पाण्यात उभा आहे का?"

किनाऱ्याच्या बाजूला एक पतंगवाला सर्फर कमरेइतक्या पाण्यात फळी सरळ करत उभा होता. मी सुकाणू इतक्या जोरात फिरवलं की चहाचा थर्मास आईच्या मांडीवर आला. आकडा 1.7वर जाऊन परत चढू लागला.

स्टाव्होरनच्या धक्क्यावर कोड उघडला. खोलीचा सेन्सर पाण्याच्या पातळीखाली 30 सेंटिमीटरवर आहे. मी ते 30 मिळवले होते, म्हणजे पडद्यावर पृष्ठभागापासूनची खोली येत होती आणि मी ती कीलखालची समजत होतो. आमची होडी पाण्यात 1.35 मीटर उतरते. 2.1 दिसताना कीलखाली 75 सेंटिमीटर होते. 1.7ला 35. आणि ते तपकिरी जहाज? शेजारीच येऊन लागलं होतं. सपाट बुडाचं, दोन्ही कुशींना उचलता येणाऱ्या लाकडी फळ्या. त्याला वाळूचं कसलं भय.

अधिक 0.30 च्या जागी उणे 1.05 लिहिलं. पण आईला आकड्यावर आकडा नको होता. तिने दोरीला माझा पाना बांधून पाण्यात सोडला, तळ लागल्यावर पाण्याच्या रेषेला दोरी चिमटीत धरली, वर ओढली आणि हात पसरून मोजली. "एक वाव आणि वर दीड हात."

तिचा वाव मी टेपने मोजला. दीड मीटरला थोडा कमी. बेरीज केली, 1.35 वजा केले आणि पडद्याकडे पाहिलं. बोटभर फरक होता. "तुझ्या डब्यालाच सांग नीट मोजायला," असं म्हणून तिने ओला पाना माझ्याच टॉवेलला पुसला.