आधी कौलं धुऊ देत

परवा वाशीत पहिला दणकून पाऊस आला. सगळी सोसायटी गॅलरीत, मोबाइल आभाळाकडे. मी आपला खाली, गेटाजवळच्या गटाराच्या जाळीकडे बघत उभा. (खोड जुनी आहे, घरच्यांनी नाद सोडलाय.)

आधी रस्ता नुसता भिजला. मग कडेनं ओघळ सुटला, चहाच्या चोथ्यासारखा काळा. त्यात गुलमोहराच्या पाकळ्या, गुटख्याच्या पुड्या आणि तळमजल्यावरच्या काकांची गाडी उभी असते तिथून निघालेला तेलाचा सप्तरंगी तवंग. टायर झिजून पडलेली भुकटी, ब्रेकची धूळ, बांधकामाचं सिमेंट, कुत्री ‘फिरवून आणल्याच्या’ खुणा... ऑक्टोबरपासून साठलेलं सगळं एकदम निघालं. अर्ध्या तासानं पाऊस वाढला, पण पाणी बरंच निवळलं होतं. आता आठवडाभर उघडीप पडली की पुढच्या सरीला पुन्हा काळं.

आई कोकणातली. पहिल्याच सरीला पागोळीखाली हंडा ठेवायला धावलो की ओरडायची, “अरे, आधी कौलं तर धुऊ देत!” दोन-तीन सरी अंगणात वाहून गेल्यावरच हंडे-घागरी बाहेर यायच्या.

आमच्या सेक्टराला अंगण म्हणजे खाडी. न्हाणीघरातलं सांडपाणी वेगळ्या पाइपातून शुद्धीकरण केंद्रात जातं. रस्त्यावरचं पावसाळी पाणी जसंच्या तसं सुटतं. वाटेत धारण तलाव लागतो, एवढंच. शहर वसवताना खाडीकाठी हे तलाव मुद्दाम ठेवले. भरतीला झडपा मिटतात, पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की खाडीत जातं. ही सगळी सोय घरात पाणी शिरू नये म्हणून. पाणी धुऊन देणं हे काही त्या तलावाचं काम नव्हे. तरी बिचारा थोडा गाळ पोटात ठेवून घेतो आणि उथळ होत जातो.

पलीकडे ठाण्याची खाडी, २०२२ पासून रामसर यादीतली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतली. फ्लेमिंगो बहुतेक पावसाआधीच निघून जातात, म्हणून हा काळा ओघळ त्यांना दिसत नाही. थंडीत परततात आणि त्याच चिखलात चोच घालतात.

संध्याकाळी दूध आणायला उतरलो तर काका बादली, खराटा आणि साबणाची पावडर घेऊन गाडीखालचा तेलकट डाग घासत होते. “पाऊस आहेच, म्हटलं धुऊन टाकावं,” म्हणाले. फेस जाळीकडे निघाला होता. मी पाय वर घेतला, त्याला वाट दिली.