मोठा फ्यूज उडतो, छोटे शाबूत

मानवत मागे टाकून परभणीच्या रस्त्याला लागलो आणि मोटारसायकल चालता चालता मेली. मीटर बंद, हॉर्न बंद, न्यूट्रलचा हिरवा दिवा गायब, सेल्फ दाबला तर साधा टक् आवाजही नाही. पेट्रोल संपलं तर निदान मीटर तरी चालू राहतं. सगळंच एकदम गेलं की पहिला संशय बॅटरीच्या नटांवर घ्यायचा, दुसरा मेन फ्यूजवर, म्हणजे सगळ्या छोट्या फ्यूजना ज्यातून करंट मिळतो त्या मोठ्या फ्यूजवर. नट घट्ट होते.

जुन्या गाड्यांचं बरं होतं. वडिलांच्या गाडीची बॅटरी कधीच वारली होती, तरी किक मारली की ती बाजार करून यायची. आताच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, पेट्रोलचा पंपही बॅटरीवर आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, तोही बॅटरीवर. मेन फ्यूज गेला की गाडी ढकलायचीच.

छोट्या फ्यूजचा डबा माझ्या गाडीत सीटखाली आहे. कोणता फ्यूज कशाचा ते झाकणावर लिहिलंय. मेन फ्यूज मात्र त्या डब्यात नाही, आणि बरेच जण तिथेच शोधत बसतात. बॅटरीच्या प्लसवरून निघालेली जाड लाल वायर धरून पुढे गेलं की स्टार्टरचा रिले लागतो, म्हणजे सेल्फ दाबल्यावर स्टार्टरला करंट सोडणारा स्विच. त्यावरचं कव्हर काढलं आणि पिवळा, २० अँपिअरचा फ्यूज दिसला. पारदर्शक प्लास्टिकच्या आतली पट्टी मधोमध वितळून तुटलेली, प्लास्टिकवर काळा धूर. शेजारच्या खाचेत कंपनीने एक जादा ठेवला होता. तो बसवला, गाडी लगेच चालू झाली. परभणीत पेट्रोलपंपावर वळायला हँडल डावीकडे फिरवलं आणि पुन्हा सगळं ठार.

पंपावरच्या पोराने उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायचा सल्ला दिला. गावोगाव चालतो हा प्रकार. पण फ्यूज वितळला नाही तर वायर वितळते, आणि आख्खं वायरिंग बदलायचं म्हणजे हजारांत जातं.

गाडी ढकलत मामू मेकॅनिकच्या गॅरेजला नेली. म्हटलं, "मामू, दुसरा टाकून द्या ना, घाई आहे."

"टाकतो की. पुन्हा उडाला तर तिसऱ्याचे पैसे कोण देणार? थांब जरा."

मामूंनी आधी डब्यातले छोटे फ्यूज तपासले. ते न काढता. पट्टीवाल्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक भोकं असतात, आत धातू उघडा असतो. चावी चालू करून टेस्ट लॅम्पची चिमटी चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला लावायची आणि टोक दोन्ही भोकांना टेकवायचं. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला, एकीकडेच लागला तर गेला. पण आमच्याकडे मेनच गेल्यामुळे पुढे करंटच नव्हता. तेव्हा एकेक काढून मल्टीमीटरच्या बीपवर धरावा लागला; पट्टी अखंड असली की तो वाजतो. हे करायचंच, कारण पट्टीला केसाएवढी चीर असली तर डोळ्याला फ्यूज धडधाकट दिसतो. सगळ्यांनी बीप दिला.

इथे मामू खूश झाले. हेडलाइटमध्ये शॉर्ट असता तर हेडलाइटचा १० चा फ्यूज आधी उडाला असता. छोटे शाबूत आणि मोठाच जातोय, म्हणजे शॉर्ट त्या दोघांच्या मधल्या वायरीत. आणि ती वायर जाते कुठे? रिलेवरून टाकीखालून चावीच्या स्विचला, तिथून परत डब्यात.

मग फ्यूज जाळत न बसता त्यांनी मेन फ्यूजच्या जागी दोन वायरी लावून इंडिकेटरचा बल्ब जोडला. छोटे फ्यूज सगळे काढून ठेवलेले, म्हणजे चावी चालू केली तरी बल्बने लागायचं कारण नाही. लागला तर करंट वाटेतच चेसीत उतरतोय. चावी चालू, हँडल सरळ: बल्ब बंद. उजवीकडे: बंद. डावीकडे पूर्ण फिरवलं आणि बल्ब भक्कन पेटला. हँडल हलवेल तसा चालू-बंद, चालू-बंद. चावी बंद केली की हँडल कसंही असो, तो विझलेलाच. म्हणजे चावीकडे येणारी नाही, चावीतून परत जाणारी वायर.

बॅटरीची मायनस आधी सोडली. प्लस आधी सोडायला गेलं आणि पाना चेसीला टेकला की ठिणग्याच. हेडलाइटचा मुखवटा उतरवला, तर हँडलच्या मानेजवळ वायरींचा जुडगा त्याच्या क्लिपमध्ये नव्हताच. फॉग लाइट बसवणाऱ्याने स्वतःची वायर घुसवायला जुडगा बाहेर काढून प्लास्टिकच्या पट्टीने चेसीच्या धारेला आवळून टाकला होता. टेप घासून गेलेली, आत एका वायरीचं तांबं उघडं, हिरवट पडलेलं, आणि चेसीवर बरोबर त्याच जागी काळा ठिपका. रोज रात्री हँडल डावीकडे लॉक करायचं, तेव्हा हीच जागा ताणली जायची.

खराब तुकडा कापून तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा सोल्डर केला, स्लीव्ह चढवून गरम केली, जुडगा परत क्लिपमध्ये घातला. हँडल दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं, बल्ब ढिम्म. मग छोटे फ्यूज जागेवर, बल्बच्या जागी नवा पिवळा २० चा. दुकानदार ३० चा हिरवा देत होता, "टिकतो" म्हणून, घेतला नाही.

फॉग लाइट ठेवल्यात, पण आता त्यांना वेगळा रिले आणि स्वतःचा १० चा लाल फ्यूज आहे. तो मामूंनी बॅटरीपासून वीतभर अंतरावरच लावला, कारण बॅटरी ते फ्यूज एवढी वायर कुणाच्याच राखणीत नसते.