जागलीवर उचिकोशी

हरभऱ्याला रात्रीची लाईन. थ्री फेज साडेबाराला आली. मोटार सुरू केली, दांड फोडून पहिल्या साऱ्यात पाणी सोडलं अन् धुऱ्यावर बसलो. डोक्यात मात्र कोतारो उचिकोशीच होता.

हा जपानी लेखक १९७३ चा. व्हिज्युअल नॉव्हेल लिहितो, म्हणजे गोष्टीचे व्हिडिओ गेम: चित्रं, आवाज, भरपूर मजकूर आणि मधेमधे आपण निवडायचा रस्ता. 'एव्हर १७' त्याने २००२ मध्ये केला. पण मी पडलो '९९९' च्या प्रेमात. २००९ मध्ये निंटेंडो डीएस या हातात धरायच्या गेमयंत्रावर आलेला. एक जहाज, नऊ माणसं, नऊ तास. चुकीचं दार निवडलं की शेवट वाईट. एरवी खेळात हरलं की हरलं. इथं त्या वाईट शेवटात कळलेली गोष्टच खऱ्या शेवटाची किल्ली असते. आपण पुन्हा पुन्हा खेळतो, हेच त्याने कथेत ओवलं. असं लिहायला काय डोकं लागत असेल!

आबाजींना संध्याकाळी चुलीजवळ सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी विडी खाली ठेवली आणि विचारलं, "मंग तो दुसऱ्या दारानं गेला असता तं?"

नेमका तोच प्रश्न.

'९९९' पासून सुरू झालेल्या मालिकेचे पहिले दोन भाग जपानात फारसे खपले नाहीत, म्हणून तिसरा अडकला. २०१४ मध्ये उचिकोशीने स्वतःच तसं सांगितलं. चाहत्यांनी मोहीम चालवली, आणि २०१६ मध्ये तो आला. पुढे 'एआय: द सोम्नियम फाइल्स', २०१९.

तीनला लाईन गेली. चार सारे कोरडेच. उद्या आबाजींना दुसरं दार सांगायचं आहे.