ऑफिसात रोज अर्धा तास शांतता मिळवताना : माझा अनुभव

घरातली सकाळची शांततेची वीस मिनिटं एका संध्याकाळच्या बोलण्यात ठरली. सगळ्यांनी मान्य केलं, फोन दुसऱ्या खोलीत गेला, विषय संपला. लिहायचं आहे ते ऑफिसबद्दल. तिथे दुपारचा अर्धा तास मिळायला महिने गेले, आणि त्यातला बहुतेक वेळ एका ऑनलाइन फॉर्ममधल्या एका रकान्याने खाल्ला. आठवलं की आजही चिडचिड होते.

मी हिशेब विभागात आहे. मोठा मोकळा हॉल, टेबलाला टेबल लागलेलं. नुसता गोंगाट असता तर सोसला असता. पंख्याची घरघर, प्रिंटरचा आवाज थोड्या वेळाने कानामागे पडतो. पण मागच्या टेबलावरचं बोलणं शब्दन्‌शब्द कळत असलं की मन तिकडे जातंच. आपल्याशी संबंध नसलेलं बोलणं कानावर पडत असताना आकड्यांची रांग क्रमाने लक्षात ठेवणं अवघड जातं, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून प्रयोगांत दाखवलेलं आहे. माझं तर अख्खं काम आकड्यांच्या रांगांचं. दुपारी तीननंतर एकच बेरीज पुन्हा पुन्हा तपासावी लागायची आणि घरी जाताना डोकं बधिर असायचं. इअरफोन लावायचा सल्ला अनेकांनी दिला. गाण्यात शब्द असले तर तेही बोलण्यासारखंच आड येतं, आणि मला कानात आणखी काही ओतायचंच नव्हतं. काही वेळ काहीच ऐकायचं नव्हतं.

आमच्या मजल्यावर बैठकीच्या छोट्या खोल्या आहेत आणि जेवणाच्या सुट्टीत त्या रिकाम्या असतात. त्यातली एक रोज अर्धा तास मिळावी, एवढंच माझं मागणं. खोली घ्यायची तर फॉर्म भरावा लागतो. त्यात ‘बैठकीचा उद्देश’ हा रकाना सक्तीचा. पर्याय असे: अंतर्गत बैठक, ग्राहक भेट, मुलाखत, प्रशिक्षण, इतर. ‘इतर’ निवडलं की कारण लिहायचं आणि अर्ज प्रशासन विभागाकडे मंजुरीला जातो. शिवाय उपस्थितांची किमान संख्या दोन.

मी सरळ लिहिलं, ‘अर्धा तास शांत बसण्यासाठी.’ अर्ज परत आला. शेरा होता, ‘उद्देश स्पष्ट करावा.’

यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं? तरी पुन्हा लिहिलं. दुपारच्या कामात चुका होऊ नयेत म्हणून जेवणाच्या सुट्टीत, माझ्याच वेळात, रिकाम्या खोलीत, दिवा आणि एसी बंद ठेवून बसेन. या वेळी शेरा आला, ‘नियमात बसत नाही.’ कोणत्या नियमात, ते लिहिलेलं नव्हतं.

मग समक्ष जाऊन भेटले. तिथले गृहस्थ वागायला चांगले होते, पण बोलणं एकाच जागी फिरत राहिलं.

“मॅडम, खोल्या कामासाठी आहेत.”

“पण त्या वेळी रिकाम्या असतात ना?”

“असतात. पण नोंद कशाखाली करू ते सांगा.”

त्यांनी मला मनुष्यबळ विभागाकडे पाठवलं. तिथे पहिला प्रश्न, “तब्येतीची काही तक्रार आहे का? डॉक्टरांचं पत्र आणा, लगेच करून टाकू.” मी नाही म्हटलं आणि त्या नकाराचं मला आजही समाधान आहे. मी आजारी नव्हते. शांतता हवी असणं हा आजार नव्हे, आणि कागदावर तसं एकदा लिहिलं गेलं की पुढे मागणाऱ्या प्रत्येकाला आधी आजारी ठरावं लागेल. “मग प्रशिक्षण लिहून टाक, कोण बघतंय?” असं शेजारच्या टेबलावरून सुचवलं गेलं. तेही केलं नाही. खोटं लिहून मिळवलेल्या खोलीत दर पावलाच्या आवाजाला दचकत बसले असते. त्यात शांतता कुठली?

मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी विचारलं, “आवाजाने एवढा काय फरक पडतो हो?” प्रश्न खरा होता, म्हणून घरी बसून नीट वाचलं आणि पत्र लिहिलं. त्यात न्यूयॉर्कमधल्या एका शाळेचं उदाहरण दिलं. शाळेच्या एका बाजूने उंचावरून रेल्वे जायची. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं की त्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांच्या मागे होती. सहावीपर्यंत हा फरक जवळजवळ एका वर्षाचा झाला होता. नंतर रुळांखाली रबराच्या गाद्या घातल्या, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे तक्ते लावले, आणि १९८१ च्या पाहणीत दोन्ही बाजूंची मुलं बरोबरीला आलेली दिसली. शाळा तीच, फक्त आवाज कमी झाला होता.

दुसरं उदाहरण २००६ चं, ‘हार्ट’ या वैद्यकीय नियतकालिकातलं. इटलीतल्या संशोधकांना संगीताचा हृदयावर आणि श्वासावर काय परिणाम होतो ते पाहायचं होतं. संगीताच्या तुकड्यांमध्ये त्यांनी दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. त्या दोन मिनिटांत हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि दर मिनिटाला श्वासातून घेतल्या जाणाऱ्या हवेचं प्रमाण सुरुवातीच्या विश्रांतीपेक्षाही खाली आले. दोन मिनिटांत शरीर एवढं उतरतं, तर अर्धा तास मागणं वावगं नाही, असं मी पत्रात लिहिलं.

पत्र ‘विचाराधीन’ झालं आणि तिथेच थांबलं. दर सोमवारी स्क्रीन उघडायची, तोच शब्द वाचायचा, बंद करायची. विचारायला गेलं की “वर पाठवलंय”. वर म्हणजे कुठे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. आणि ती खोली रोज दुपारी माझ्या डोळ्यांसमोर रिकामी. काच असल्यामुळे आतल्या खुर्च्याही दिसायच्या. नकार आला असता तर दुसरा मार्ग शोधला असता. नकारही नाही आणि होकारही नाही, यात माणूस अडकून पडतो.

सुटका झाली ती अंतर्गत लेखापरीक्षणातल्या एका ज्येष्ठ बाईंमुळे. माझ्या अर्जाबद्दल त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. जिन्यात थांबवून म्हणाल्या, “त्या अर्जात माझंही नाव घाल. मला किती वर्षं हेच हवं होतं.” नावं दोन झाली, म्हणजे किमान संख्येची अट पुरी. मग त्यांनी एक लेखी प्रश्न विचारला: खोलीचा असा वापर कोणत्या नियमाने नाकारला आहे, त्याचा क्रमांक कळवा. असा नियमच नव्हता. त्याच आठवड्यात उद्देशांच्या यादीत ‘शांत वेळ’ हा नवा पर्याय आला. संगणक विभागातल्या मुलाला विचारलं, ही ओळ वाढवायला किती वेळ लागला? म्हणाला, “पाच मिनिटं.” त्या पाच मिनिटांसाठी महिने गेले, याचा राग मी अजून गिळलेला नाही.

आम्ही दोघी आता तिथे बसतो. एकमेकींशी बोलत नाही, आणि हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं. नाहीतर दोन माणसं एका खोलीत आली की गप्पा सुरू होतात. उठायची वेळ झाली की त्या बाई आपली खुर्ची हलवतात, तीच खूण. फोन टेबलावरच सोडून जायचा. वेळ कळायला साधं हातातलं घड्याळ बरं, कारण गजरासाठी फोन आत नेला की बाकी सगळं त्याच्याबरोबर आत येतं.

सुरुवातीला जीव घुसमटतो, हे आधीच सांगून ठेवते. नुसतं बसवत नाही. २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत आपल्या विचारांसोबत एकटं बसवलं होतं, आणि हवा तर स्वतःला विजेचा सौम्य झटका देता येईल असं एक बटण जवळ ठेवलं होतं. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी ते दाबलं. तेव्हा अस्वस्थ वाटलं तर आपल्याला जमत नाही, असं समजून उठू नका. आधी राहिलेली कामं डोक्यात रांग लावतात, मग जुनी भांडणं येतात, मग हळूहळू रांग विरळ होते. श्वास मोजणं, जप, काहीही करायलाच हवं असं मला वाटत नाही. मी खिडकीबाहेर बघते.

फायदा काय झाला? दुपारच्या बेरजा पहिल्या फेरीत जुळतात. रागाने लिहिलेली उत्तरं पाठवायची राहतात, आणि नंतर वाचली की ती पाठवायची नव्हतीच हे कळतं. सगळ्यात मोठा फरक घरी पडला. दारातून आत आल्यावर मला आधी थोडा वेळ कोणी काही विचारू नये असं वाटायचं. आता मीच विचारते, दिवस कसा गेला. खोली मिळेपर्यंत मी हॉलपासून दूरच्या जिन्यात दहा मिनिटं बसायचे, त्यानेही उतार पडायचा. तेव्हा मंजुरी येईपर्यंत थांबून राहू नका.

तुमच्याकडेही असा रकाना असेल तर कारण खरंच लिहा आणि थोडक्यात लिहा. वेळ सुट्टीतली असल्याचं आणि खोली तेव्हा रिकामी असल्याचं त्यातच नोंदवा. जोडीला एक माणूस आधीच शोधा. मिळतो, कारण हे हवं असणारे पुष्कळ असतात, फक्त बोलत नाहीत. परत आलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत जपून ठेवा. आणि ‘नियमात बसत नाही’ असं उत्तर आलं तर त्याच दिवशी लेखी विचारा, नियम क्रमांक कोणता?