सेसना १५० घ्यावं की १५२?

स्वस्तातलं, दोन सीटचं, स्वतःच्या मालकीचं विमान म्हटलं की अमेरिकेत आजही बोट सेसना १५० कडे जातं, नाहीतर त्याच्या धाकट्या भावाकडे, १५२ कडे. १५० बनणं १९७७ मध्ये थांबलं, १५२ चं १९८५ मध्ये. दोन्ही मिळून ३१ हजारांच्या वर विमानं बाहेर पडली, म्हणून सुटे भाग अजून मिळतात. आपल्याकडे फ्लाइंग क्लबात शिकलेल्या अनेकांचे पहिले तास १५२ वरचेच. पण ताशी भाडं भरणं वेगळं आणि दुरुस्तीचं बिल भरणं वेगळं. मालकांमध्ये यावरून दोन तट आहेत आणि भांडणाचं मूळ इंजिन आहे.

१५० ला कॉन्टिनेंटलचं ओ-२००, १०० अश्वशक्तीचं. १५२ ला लायकमिंगचं ओ-२३५, बहुतेकांत ११० अश्वशक्तीचं. दहा घोडे जास्त म्हणून हुरळू नका, विमानाचं वजनही वाढलंय. दोन्ही तासाला २१ ते २३ लिटर पितात आणि ९० ते १०० नॉटनं जातात. १५२ वाले ओव्हरहॉलच्या, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं करण्याच्या, तासांचा आकडा पुढे करतात: ओ-२०० ला १८०० तास, ओ-२३५ च्या एल२सी प्रकाराला २४००. आकडा खरा आहे, पण खासगी मालक वर्षाला ५०-६० तास उडवतो. त्याच्या बाबतीत तास भरायच्या आधी गंज येतो. लायकमिंगचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या, वर असतो. इंजिन बंद करून महिनाभर ठेवलं की तेल निथळून खाली जातं आणि कॅम कोरडा पडतो. मग गंजाचे ठिपके, त्यावर टॅपेट (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारा भाग) घासला जातो आणि तेलाच्या फिल्टरमध्ये लोखंडाचा चुरा दिसू लागतो. कॉन्टिनेंटलचा कॅम क्रँकच्या खाली असल्यानं हा त्रास बराच कमी. म्हणून लॉगबुक बघताना एकूण तासांपेक्षा गेल्या दोन वर्षांत विमान किती उडालं ते आधी बघा. 'फक्त ३०० तास झालेलं' इंजिन वीस वर्षांत ३०० तास चाललं असेल तर त्यापेक्षा नियमित उडालेलं १२०० तासांचं बरं.

आता स्पार्क प्लग. ओ-२०० जन्मलं ८० ऑक्टेनच्या पेट्रोलवर, ज्यात शिसं कमी होतं. ते मिळेनासं झाल्यावर १०० एलएल आलं, नाव 'लो लेड' पण शिसं ८० च्या कितीतरी पट. त्यावर चालावं म्हणून तर १५२ मध्ये इंजिन बदललं. गंमत अशी की प्लगमध्ये शिसं साचण्याबद्दल जास्त बदनाम झालं ते हे नवं ओ-२३५ च! खालच्या प्लगांत राखाडी रंगाचे बारीक मणी साचतात, स्पार्क उडत नाही आणि १७०० आरपीएमवर मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारी दोन स्वतंत्र यंत्रं) तपासताना इंजिन थरथरतं. मर्यादा लक्षात ठेवा: १५२ ला एका मॅग्नेटोवर १२५ पेक्षा जास्त आरपीएम पडता कामा नये, दोन्हींतला फरक ५० च्या आत. १५० च्या एम मॉडेलला हेच आकडे १५० आणि ७५. उपाय फुकटचा आहे. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, मिक्श्चर (हवेतलं पेट्रोलचं प्रमाण) बेधडक लीन, म्हणजे कमी, करा, इतकं की थ्रॉटल पुढे केल्यावर इंजिन अडखळावं. म्हणजे रिच करायचं विसरून टेकऑफ करणंच शक्य होत नाही. बंद करण्याआधी १५-२० सेकंद १८०० वर चालवा, १२०० वर आणा आणि लगेच मिक्श्चर ओढा. एवढ्यानं भागलं नाही तर पुढे आलेल्या इलेक्ट्रोडचे आरईएम ३७ बीवाय प्लग लावतात. ओ-२३५ ला आणखी एक काम असतं: त्याचे टॅपेट हायड्रॉलिक (तेलाच्या दाबानं आपोआप जुळणारे) नाहीत, त्यामुळे व्हॉल्व्हचं क्लिअरन्स अधूनमधून मोजून जुळवावं लागतं. नुसती हायड्रॉलिक टॅपेटची इंजिनं हाताळलेला मेकॅनिक हे विसरतो.

ओ-२०० ची खोड वेगळी, कार्ब्युरेटरमधला बर्फ. लायकमिंगचा कार्ब्युरेटर इंजिनाखालच्या गरम तेलपात्राला चिकटलेला असतो, कॉन्टिनेंटलचा तसा नाही. बाहेर २० अंश असले तरी हवा दमट असेल तर बर्फ धरतो. पहिली खूण म्हणजे थ्रॉटलला हात न लावता आरपीएम हळूहळू घसरणं. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) पूर्ण ओढा, अर्धवट नको. वितळलेलं पाणी इंजिनात गेलं की ते खोकतं आणि घाबरलेला माणूस नॉब परत आत ढकलतो. ढकलू नका, थांबा.

ओ-२०० चं कॉम्प्रेशन ७ ला १, त्यामुळे इथेनॉल नसलेलं मोटारीचं पेट्रोल त्याला चालतं. अमेरिकेत १९८२ पासून तशी परवानगी घेता येते. आपल्याकडे पंपावर ई२० आल्यावर हा विषयच मिटला.

वजनाचा हिशेब मात्र दोघांनाही चुकत नाही. १५० चं कमाल वजन १६०० पौंड, म्हणजे ७२६ किलो. रेडिओबिडिओ धरून रिकामं विमान ५०३ किलो भरलं समजा. वापरता येणारं ८५ लिटर इंधन म्हणजे ६१ किलो. उरले १६२. यात दोन माणसं, हेडसेट आणि पिशवी! ऐंशी-ऐंशी किलोचे दोघं बसले की पिशवी घरी. विक्रेत्याच्या कागदावरच्या रिकाम्या वजनावर विश्वास ठेवू नका. तराजूवर चढवा, पन्नास वर्षांच्या रंगाचं आणि वायरींचं वजन त्यात नसतं. १९६७ पासून दारं बाहेर फुगीर केली, त्यामुळे कोपरांना तीन इंच जास्त मिळाले. त्याआधीचं विमान बसून बघितल्याशिवाय घेऊ नये.

बघायला जाल तेव्हा टॉर्च न्या आणि सीटच्या रेलपाशी गुडघे टेका. सीट पुढेमागे सरकते त्या रेलमधली भोकं पिन घासून लांबट होतात. ०.४२ इंचापेक्षा मोठं भोक चालत नाही आणि पिन किमान ०.१५ इंच आत गेली पाहिजे. हे कागदी खूळ नव्हे. टेकऑफला नाक वर झालं की पिन सुटते, सीट मागे सरकते, हातात धरलेलं योक (विमानाचं स्टिअरिंग) सोबत ओढलं जातं आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपते. तपासणी दर १०० तासांनी किंवा बारा महिन्यांनी सक्तीची आहे.

मग फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीचा, खालचा भाग. नोज व्हीलवर आपटलेल्या विमानाचा पत्रा तिथे सुरकुततो. शिकाऊ हातांतून गेलेल्या विमानात सुरकुती नसेल तर दुरुस्तीची नोंद शोधा. नोज व्हील थरथरत असेल तर लोक आधी ती थरथर शोषणारा महागडा शिमी डॅम्पर बदलतात. उलट करा: टायर बॅलन्स करा, टॉर्क लिंकचे (चाक सरळ धरणाऱ्या कात्रीसारख्या जोडाचे) बुश आणि वॉशर बदला, डॅम्परमध्ये तेल आहे का बघा. बहुतेक वेळा डॅम्पर निर्दोष सुटतो.

स्पिन (मुद्दाम गरगरत खाली येणं) करायचा इरादा असेल तर रडर स्टॉपचं, म्हणजे शेपटीची उभी हलती फळी अडवणाऱ्या भागाचं, सुधारित किट बसवलंय का ते विचारा. रडर मर्यादेपलीकडे जाऊन अडकल्याचे अपघात झाल्यावर अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकानं, एफएएनं, २००९ मध्ये फर्मान काढलं: किट बसवा, नाहीतर स्पिनला मनाई असल्याची पाटी लावा.

माझा कौल १५० एल किंवा एमला. १९७१ च्या एल पासून गोल नळीचे पाय आले, १९७५ च्या एम ला शेपूट मोठं मिळालं. शिवाय १५० ची वीज १४ व्होल्टची, १५२ ची २८. बॅटरी घ्यायला गेलं की फरक कळतो. १५० चे फ्लॅप (पंखांच्या मागच्या झुकणाऱ्या फळ्या) ४० अंश उतरतात, उतरताना मजा, पण ४० वर ठेवून पुन्हा वर चढायला गेलात तर विमान चढत नाही. १५२ मध्ये ते ३० वर आणले ते याचसाठी. भाव घासताना एक ध्यानात ठेवा: अमेरिकेत ऑक्टोबर २०२५ पासून स्पोर्ट पायलट लायसन्सवर, म्हणजे मेडिकलऐवजी ड्रायव्हिंग लायसन्स दाखवून, ही विमानं उडवता येतात. विक्रेत्यांनाही ते ठाऊक आहे.

आणि पेट्रोलच्या काट्यांकडे बघूही नका. टाकीत बुडवून इंधन मोजायची, त्या विमानासाठी खुणा केलेली लाकडी पट्टी मागून घ्या. नसेल तर टाकी पूर्ण रिकामी करून पाच-पाच लिटर ओतत स्वतः खुणा करा, विमान सपाट जमिनीवर उभं असताना. १५० ची पट्टी १५२ च्या टाकीत चालत नाही.