ओसेजचा इंग्लिश लाँगबो : दुसऱ्या काठीची नोंद

मागच्या हिवाळ्यात ओसेजच्या लाकडातून पहिला इंग्लिश लाँगबो (लांब, गोल पोटाचे लाकडी धनुष्य) केला, तेव्हा मी मापे यू वृक्षाच्या धनुष्याची घेतली होती. ते धनुष्य तुटले नाही, परंतु मध्यभागी रुंदी सव्वा इंच आणि जाडी त्याहून जेमतेम सूतभर कमी ठेवल्यामुळे दोरी २८ इंच ओढायला ७५ पाउंडांहून अधिक जोर लागू लागला, टोके जड राहिली आणि प्रत्येक बाणाबरोबर मुठीला बसणारा हिसका कोपरापर्यंत जाणवत राहिला. या दुसऱ्या काठीच्या वेळी एकच गोष्ट मनाशी पक्की केली आहे : घडण इंग्लिश असेल, मापे मात्र ओसेजला मानवतील तीच असतील.

या लाकडाविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. ओसेज, म्हणजे मॅक्लुरा पोमिफेरा, हा फणसाच्या आणि तुतीच्या कुळातला वृक्ष आहे, आणि त्याचा ताजा चिरलेला गाभा पाहिला की कोकणातल्या जुन्या घरांमधल्या फणसाच्या पिवळ्या फळ्या आठवल्यावाचून राहत नाहीत. त्याचे मूळ स्थान टेक्सास, ओक्लाहोमा आणि आर्कान्सा या राज्यांतले रेड नदीचे खोरे. ओसेज या मूळ अमेरिकी जमातीचे लोक आणि त्यांच्या शेजारचे समाज त्याची धनुष्ये करीत. म्हणूनच फ्रेंचांनी त्याला ‘ब्वा दार्क’, धनुष्याचे लाकूड, असे नाव दिले आणि त्याचेच पुढे ‘बोडार्क’ झाले. शोधप्रवासी मेरिवेदर लुइस याने १८०४ साली सेंट लुइसहून राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना ज्या कलमांच्या काड्या पाठवल्या, त्यांत या झाडाच्याही काड्या होत्या. काटेरी तार येण्यापूर्वी शेतांची कुंपणे याच काटेरी झाडांची असत, आणि मी राहतो त्या पूर्व कॅन्ससमध्ये आजही या झाडाला नुसते ‘हेज’ म्हणतात. माझा ओंडका अशाच एका जुन्या कुंपणातला आहे. बांध मोकळा करणाऱ्या शेतकऱ्याने तो दोन हिवाळ्यांपूर्वी मला दिला.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. दहा इंच व्यासाचा आणि साडेसहा फूट लांबीचा हा ओंडका मिळाला त्याच दिवशी मी घण आणि लोखंडी पाचरा लावून त्याच्या चार फाका केल्या होत्या व दोन्ही टोकांना लाकडाचा गोंद जाड थराने फासला होता. ओसेजची टोके उघडी राहिली तर काही दिवसांतच उभ्या भेगा आत शिरू लागतात. साल आणि तिच्या आतले पांढरे लाकूडही तेव्हाच काढले होते, कारण पोखरणाऱ्या किड्यांना तोच थर आवडतो. पिवळ्या पाठीवर (नेम धरताना समोर राहणारी बाजू; तिरंदाजाकडची बाजू म्हणजे पोट) शेलॅकचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, दोन हात दिले होते. आता ओलावामापक नऊ टक्के दाखवतो. चारपैकी ही फाक सर्वांत सरळ आहे, तरी एका टोकाकडून पाहिले असता दुसरे टोक सुमारे पंधरा अंशांनी पिळलेले दिसते.

फेब्रुवारी अखेर ते मार्च मध्य. या कामातला खरा कस पाठीचे वलय गाठण्यात आहे. यूच्या धनुष्यात सालीलगतचे पांढरे लाकूड मुद्दाम पाठीवर राखतात, कारण ते ताण उत्तम सोसते आणि आतला तांबूस गाभा दाब सोसतो; निसर्गानेच दोन थर जोडून दिलेले असतात. ओसेजमध्ये बहुतेक कारागीर पांढरा थर पूर्ण काढून टाकतात, आणि मग गाभ्यातले एकच वार्षिक वलय एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राखावे लागते. पाठीवर ते वलय एका जागी जरी कापले गेले, तरी ताणाखाली तिथूनच चिरफळी उचलली जाण्याचा धोका असतो.

प्रत्येक वलयात दोन भाग असतात : वसंतात वाढलेला सच्छिद्र, फिकट थर आणि त्यानंतर उन्हाळ्यात वाढलेला दाट, गडद थर. माझ्या फाकेत उन्हाळी थर जवळपास तीन मिलिमीटर जाडीचे आहेत, हे मोठे भाग्य, कारण दाट कुंपणात दाटीवाटीने वाढलेल्या झाडांची वलये पुष्कळदा कागदासारखी पातळ असतात. ड्रॉ-नाइफ (दोन मुठींचे, आपल्याकडे ओढून चालवायचे पाते) दाट थरातून जाताना लांब, गुळगुळीत ढलपी निघते व पाते जवळजवळ नि:शब्द चालते. सच्छिद्र थर लागताच कुरकुर ऐकू येते आणि पृष्ठभाग मंद, दाणेदार दिसतो. मी डोळ्यांपेक्षा या आवाजावर अधिक विसंबतो. वरचा थर ड्रॉ-नाइफने काढायचा, कुरकुर लागली की थांबायचे आणि उरलेला भुसभुशीत भाग स्क्रेपरने खरवडून खालच्या दाट थराची चकाकी उघडी करायची, असे हे काम एका वेळी हातभर चालते. संध्याकाळी दिवा बाजूने तिरपा धरला की राहून गेलेले ठिपके सावलीसारखे उठून दिसतात. वरच्या भुजेत, म्हणजे मुठीच्या वरच्या अर्ध्या भागात, दोन गाठी आहेत. वलय गाठीपाशी टेकडीसारखे वर चढते, म्हणून त्या टेकड्या तशाच राखून त्यांच्याभोवतीचे काम कानशीच्या टोकाने करावे लागले. दोन गाठींना चार संध्याकाळी लागल्या.

मार्च अखेर. पीळ काढला. पोटाच्या बाजूला तेल लावून हीट-गनने एकेका वीतभर भागाला सावकाश उष्णता दिली, आणि लाकूड हाताला न धरवण्याइतके तापल्यावर क्लॅम्प व लांब दांड्याच्या मदतीने ते थोडे अधिकच उलट पिळून थंड होऊ दिले. सुमारे दहा अंश निघाले. उरलेले पाच मी ठेवले आहेत, कारण दोरी मुठीच्या मध्यातून जाते, आणि ती तशी जात असेल तर थोडा पीळ धनुष्याला अपाय करीत नाही. उष्णतेने लाकूड फार कोरडे होते, त्यामुळे पुढचे दहा दिवस काठीला हात लावला नाही.

एप्रिल. मापांचा प्रश्न. १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेच्या अवशेषांत शंभराहून अधिक अखंड लाँगबो मिळाले, आणि ते सर्व यूचे आहेत. चांगला यू तर इंग्लंडलाही पुरेसा मिळत नसे. चौथ्या एडवर्डच्या काळातील १४७२ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालाच्या दर टनामागे धनुष्याच्या चार काठ्या आणणे व्यापाऱ्यांवर बंधनकारक केले होते. लाँगबोचे सखोल, डी अक्षरासारखे गोल पोट अशा लाकडासोबत वापरात आले. १९३० च्या दशकात क्लेरन्स हिकमन, पॉल क्लोप्स्टेग आदी अमेरिकी अभ्यासकांनी दाखवून दिले की गोल पोटात सर्व दाब मधल्या अरुंद कण्यावर एकवटतो आणि चपट्या छेदात तो रुंदीभर वाटला जातो. हे मान्य करूनही मला चपटे धनुष्य करायचे नाही. ओसेज दाब सोसण्यात असामान्य आहे, आणि गोल पोट पेलू शकणाऱ्या थोड्या लाकडांपैकी ते एक आहे, असे माझे मत पहिल्या धनुष्यानंतर अधिक दृढ झाले आहे. त्यात दोष जास्तीच्या लाकडाचा होता, छेदाचा नव्हता.

ब्रिटिश लाँग-बो सोसायटीच्या नियमानुसार धनुष्याची जाडी कोठेही रुंदीच्या पाच-अष्टमांशापेक्षा कमी नसावी. यूच्या धनुष्यात ती पुष्कळदा रुंदीच्या बरोबरीला येते. मी मुठीपाशी रुंदी एक इंच आणि एक सूत, जाडी पाऊण इंचाहून किंचित अधिक ठेवली, आणि पोटाचा कणा धारदार न ठेवता सपाटीकडे झुकणारा गोल केला. टोकाकडची शेवटची नऊ इंच लांबी पहिल्या धनुष्याच्या तुलनेत स्पष्टपणे बारीक केली आहे. ओसेज यूपेक्षा बरेच जड असते, आणि टोकाला राहिलेल्या प्रत्येक ग्रॅमची किंमत बाणाच्या वेगाने मोजावी लागते.

मे. आधी टोक जमिनीवर टेकवून वाक पाहिला, मग टिलरिंगच्या (दोन्ही भुजांचा वाक सारखा करण्याच्या) चौकटीवर लांब दोरीने, आणि तीन आठवड्यांनी दोरी मुठीपासून तीन इंच उंचीवर चढवून. प्रत्येक खरवडणीनंतर तीसेक वेळा अर्धवट ओढून काठीला नवा वाक समजू द्यायचा, आणि ठरवलेल्या ५० पाउंडांपेक्षा अधिक जोर एकदाही लावायचा नाही, हा नियम मी काटेकोरपणे पाळला. खालच्या भुजेने काही त्रास दिला नाही. वरच्या भुजेत मात्र दुसऱ्या गाठीच्या बाहेर बिजागरीसारखा वाक दिसू लागला. चौकटीमागच्या भिंतीवर आखलेल्या चौकोनांसमोर छायाचित्र काढल्यावरच तो लक्षात आला. तिथून एक कणही न काढता दोन्ही बाजूंचे लाकूड उतरवत गेलो, तेव्हा कमान सलग झाली, परंतु त्यात ओढीचा सुमारे चार पाउंड जोर गेला. गाठीपाशी कमकुवतपणाच्या भीतीने मी तिच्या आजूबाजूला जास्त लाकूड ठेवले होते, आणि त्या ताठ भागानेच शेजारच्या जागेला अधिक वाकायला भाग पाडले.

दोन्ही टोकांना म्हशीच्या काळ्या शिंगाच्या टोप्या बसवून झाल्या आहेत. निमुळत्या घासलेल्या अर्ध्या इंची बिटने भोक, काठीच्या टोकाला तसाच शंकू, इपॉक्सी, आणि दोरीची खाच गोल कानशीने.

३१ मे. दोरी सहा इंच उंचीवर आहे, ओढ २६ इंचांवर ४६ पाउंड, आणि दोरी उतरवल्यावर उरणारा कायमचा वाक पाऊण इंच. मुठीपासचा भागही पूर्ण ओढीत किंचित वाकतो, जसा लाँगबोमध्ये वाकायला हवा. गाठीजवळ पोटावर दाबाची एकही आडवी सुरकुती नाही. ती मी रोज भिंगाने पाहतो. उरलेले दोन इंच आताच घेतले असते, परंतु या आठवड्यात हवा फार दमट झाली आहे आणि ओलावामापक दहाच्या वर गेला आहे. धनुष्य आता वातानुकूलित खोलीत आडवे ठेवले असून दर रविवारी त्याचे वजन करतो. सलग दोन रविवार काटा एकाच आकड्यावर थांबला की पुढची खरवडणी सुरू होईल.